वाव

डार्टमथला, बंदराकडे तोंड करून आमचं ऑफिस.
आम्ही समुद्राचे जुने नकाशे दुरुस्त करतो :
कुठे किती वाव पाणी, कुठे खडक, कुठे नुसती रेती.
खोली मोजणं हेच काम,
आणि ज्या खोलीत बसून मोजायचं
तिच्यात हवा किती, हे चार वर्षं
मला ठाऊक नव्हतं.

माझं नाव ओडेट. कोट नवऱ्याचा.
लिअँडर लॉब्स्टर धरायचा; हातांना, केसांना,
उशीलासुद्धा आमिषाच्या हेरिंगचा वास.
रविवारी चर्चला जाताना मात्र
लवंग-लिंबाचं आफ्टरशेव्ह, असं चापून
की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायची.
तो गेला, बाटली उरली.
रोज सकाळी दोन थेंब कॉलरला.
नाक लवकर सरावतं;
दोनाचे चार कधी झाले, कळलं नाही.

मॉर्ना मॅकॅस्किलनं जागा तीनदा बदलली.
पहिल्यांदा म्हणाली, खिडकीचा उजेड बरा.
मग म्हणाली, प्रिंटर जवळ हवा.
तिसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.
फेब्रुवारीत, रस्त्यांवर मीठ टाकलेलं असताना
तिची खिडकी वीतभर उघडी,
आणि मी मनात : केप ब्रेटनची माणसं ही,
यांना कसली थंडी वाजते.

मग एकदा भरतीच्या तक्त्यांच्या खणात
पेन्सिल शोधताना इनहेलर सापडला.
एक नव्हे, तीन. दोन रिकामे.
त्याच दुपारी पाहिलं,
माझ्या टेबलावरून जाताना ती
पाणबुड्यासारखी श्वास धरून जाते
आणि दाराबाहेर वर येते.
एवढ्या ऐसपैस जागेत
तिच्या श्वासाला तेवढा मी वाव ठेवला नव्हता.

विचारलं. ती म्हणाली,
"तुझ्या नवऱ्याचं आहे ना ते. कसं सांगणार?"

आधी राग आला, खोटं कशाला बोलू.
दोन थेंबांनी कुणी मरतं का, असं
परतीच्या फेरीबोटीत स्वतःशी पुटपुटले,
आणि 'मरतं' या शब्दापाशी गप्प झाले.

मग कोट धुतला. बिनवासाच्या साबणानं,
सोड्यानं, व्हिनेगरनं, पुन्हा साबणानं.
लोकर मोठी हट्टी, कुणाला सोडत नाही.
नऊ दिवस मागच्या अंगणात, दोरीवर,
खाऱ्या वाऱ्यात बाह्या हलवत राहिला,
जसं धक्क्यावरून कुणी खुणावतंय,
बोट वळव, बोट वळव.
बाटली रुमालात गुंडाळून बरणीत घातली.
झाकण फिरवून घट्ट करताना वाटलं, मी त्याला दुसऱ्यांदा...
असो. बरणी गॅरेजात आहे.

सोमवारी मॉर्ना माझ्या टेबलाशी आली,
एका बुडत्या खडकाबद्दल विचारायला.
सहा वाव की सात, यावर आम्ही भांडलो,
चांगली दहा मिनिटं, डोक्याला डोकं लावून.
मध्येच तिनं नाक जरा वर केलं. मी धसकले.
"काहीतरी आहे अजून.
नाही, त्रास नाही होत. मासळी... हेरिंग?
आणि दोराचं डांबर.
बाबा असेच यायचे घरी."

मी कॉलर नाकाशी नेली.
मला काहीच आलं नाही. साबणसुद्धा नाही.

आता महिन्या-दोन महिन्यांनी,
कामाच्या भरात, मान वर न करता तिला विचारते :
अजून आहे का?
ती वाकते, श्वास घेते,
लांब, पुरता, छाती भरून
(असा श्वास तिला येतो हेच मला माहीत नव्हतं),
आणि खोलीचा आकडा सांगावा तसं सांगते :
"आहे. थोडा. तळाशी."